भुईवर कधी घ्यायचं

पितांबरला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही गोष्ट आतून कशी आहे हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गावात पहिला लोखंडी नांगर आला, तेव्हा मालकाने तो शेतात नेण्याआधीच पितांबरने त्याचे सगळे पेच सोडून अंगणात मांडले होते. परत बसवताना एक पेच उरला, त्यावरून लोक त्याला पुढे दहा वर्षं हसत होते. शहाद्याला मोटार आली तर हा भर बाजारात तिच्याखाली उताणा झोपलेला. म्हणून सुरतेच्या डॉक्टरने जेव्हा त्याच्या मुलाला, सुकलालला, बाजूला नेऊन हळू आवाजात काही सांगितलं, तेव्हा पितांबर बाकावरून उठून तिथे गेला आणि म्हणाला, मला कागदावर काढून दाखवा.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने अन्ननळी काढली, नळीतली गाठ काढली, आणि गाठ वाढली की नळी कशी बंद होणार तेही दाखवलं. कापून काढण्यासारखी ती नव्हती. होळी दिसायची नाही, असं त्याने गुजरातीत सांगितलं. पितांबर सुरतेहून नंदुरबारपर्यंत आगगाडीच्या खिडकीशी बसून आला. तिथून बैलगाडीत सुकलाल रडत होता आणि बाप त्याला विचारत होता, आपल्याकडे दुधी उभा चिरल्यावर आत जसं दिसतं, तशीच ती नळी नव्हती का?

गाव प्रकाशा या तीर्थाच्या ठिकाणापासून दोन कोसांवर, तापीच्या काठी. मार्गशीर्ष चालू होता. कापसाची वेचणी निम्मी झाली होती आणि घराघरांत त्याचे ढीग पडले होते. पितांबरची खाट ओसरीत आणली. भाकरी केव्हाच बंद झाली होती. आता ज्वारीची पातळ कण्हेरीही घोट घोट करून जाई, आणि दर घोटाला तो मान उंच करी, कोंबडी पाणी पिते तशी.

परतल्यावर चौथ्या दिवशी त्याने दगूबाईला बोलावणं धाडलं.

ही दगूबाई म्हणजे गावातली एक विधवा, साठीच्या आसपासची. दिवसभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. पण गावात कुणाचं संपत आलं की तिला बोलावत. ती उशाला बसायची, नखं बघायची, तळवे चाचपायची, आणि वेळ आली की सांगायची, आता घ्या भुईवर. मग चार पुरुष माणसाला खाटेवरून उचलून सारवलेल्या जमिनीवर ठेवत. खाटेवर कुणी मेलं तर जीव खाटेतच अडकतो असं लोक मानत, आणि त्या घराला नावं ठेवत. सुईण ज्या घरी जाई तिथे तिला गूळ मिळे. दगूबाई ज्या घरी जाई त्या घरचे लोक नंतर वर्षभर तिच्याकडे नीट बघत नसत.

तेव्हा ती अंगणात दिसताच पितांबरची बायको रुक्मिणीबाई चुलीपुढून उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

"तुले कोनी बलावं?"

"मी बलावं," पितांबर खाटेवरून बोलला. आवाज घोगरा झाला होता. "ये वहिनी, बठ."

दगूबाई खाली बसली. तिला पाणी कुणी दिलं नाही.

"काय व्हई ऱ्हायनं भाऊ? दुखस का?"

"दुखस. पन त्यासाठे नही बलावं. माले सांग, मानूस मरस तधळ काय काय व्हस? पहिले काय, मंग काय, बठ्ठं बरोबर सांग."

दगूबाईला वाटलं, हा थट्टा करतो आहे. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लोखंडी नांगर बघताना दिसला होता तसाच तो दिसत होता.

"असं कोनी इचारस का?"

"म्हनीसन तं इचारस. तू कितला जनसना उशाले बठनी?"

"ते काय मोजतस का?"

"तरी?"

"तीस-चाळीस व्हतीन."

"मंग गावमा तुन्हाइतलं कोनले माहीत? बामनले? तो तं नंतर येस."

दगूबाईला हसू आलं. ते तिने पदराने दाबलं, कारण आतून भांड्यांचा आवाज मोठा होत चालला होता. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आयुष्यभर ती लोकांच्या उशाला बसली, आणि जाणारं माणूस तोवर बोलण्याच्या पलीकडे गेलेलं असे. घरच्यांना एकच विचारायचं असे, किती वेळ? ती काय बघते, कसं ओळखते, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"पहिले भूक जास," ती म्हणाली. "घरनासले वाटस, खावाडं तं जगी. पन पोट लेत नही, उलटा त्रास व्हस."

"मन्ही तं गयी. पुढे?"

"मंग झोप वाढस. मरेल मानसे दिसतस, त्यासनासंगे बोलस. पाय थंडा पडतस, पहिले बोटे, मंग गुडघापावत. शेवटले श्वास थांबस, नी परत चालू व्हस. घसामा घरघर व्हस."

"ती घरघर दुखस का?"

"उशाले बठीसन दखनारले दुखस. त्याले काय वाटस ते माले काय माहीत? माले कोनी परत येईसन सांगं नही."

पितांबर हसला. हसताना घशात कळ गेली आणि तो खाटेच्या कडेला धरून बराच वेळ वाकून राहिला. कळ ओसरल्यावर त्याने विचारलं, "आनि ऐकू येस का?"

"येस. भिलाटीना दिवाल्या मरना तधळ तीन दिन बोलना नही. पन बाहेर त्याना बैल हंबरना, नी त्याना डोयामाईन पानी उनं. मी दखं."

पितांबरने मान हलवली, एखाद्या कारागिराचं बोलणं पटल्यावर हलवतात तशी. मग तो सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, "मन्ही मायना टाइमले तूच व्हतीस."

बारा वर्षं झाली होती त्याला. पितांबरची आई भिकुबाई ऐन पौषातल्या थंडीत आजारी पडली. श्वास थांबला, दगूबाई म्हणाली घ्या भुईवर, आणि पितांबर, त्याचा धाकटा भाऊ हिंमतराव आणि दोन चुलत्यांनी म्हातारीला खाली घेतलं. त्यानंतर श्वास परत सुरू झाला. एकदा खाली घेतलेलं माणूस वर घेतलं तर घरातलं दुसरं जातं, अशी समजूत. म्हणून पाच दिवस म्हातारी सारवलेल्या थंड जमिनीवर राहिली. तिला बोलता येत नव्हतं, पण ती खाटेकडे हात करायची. सगळ्यांना कळत होतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ती खाटच बाहेर नेऊन ठेवली, म्हणजे तिला दिसायला नको.

"तू इसरनी नही," पितांबर म्हणाला. "मी बी नही. खाट बाहेर मीच नेयेल व्हती."

"मंग माले कसाले बलावं भाऊ? दुसरी कोनले बलाव. प्रकाशाले एक म्हातारी शे."

"तिनी अजून ती चूक करेल नही."

दगूबाई आपल्या हातांकडे बघत राहिली. वेचणीने बोटांना बोंडांचे ओरखडे पडले होते.

पितांबरने सुकलालला हाक मारली आणि दोघांसमोर आपलं म्हणणं मांडलं. ते त्याने चार दिवस पडल्या पडल्या जुळवलं होतं. त्याला मरायला म्हणून प्रकाशाला संगमावर गाडीत घालून न्यायचं नाही, रस्त्याचे धक्के सोसायचे नाहीत. घोट बंद झाला की तोंडात काही ओतायचं नाही, तिथलं तीर्थसुद्धा नाही. गुदमरून मरायचं नाही. ओला बोळा ओठांना लावायचा. शहाद्याच्या सरकारी दुकानातून अफू आणायची आणि कळ आली की ज्वारीच्या दाण्याएवढी पाण्यात विरघळवून रुक्मिणीबाईने द्यायची, दुसऱ्या कुणी नाही. आणि भुईवर तो सांगेल तेव्हाच घ्यायचं. बोलणं बंद झालं तर दगूबाईने विचारायचं, त्याने तिचं बोट दाबायचं.

सुकलाल भिंतीकडे तोंड करून उभा होता. "बा, हाई बठ्ठं आतेपाईन कशाले?"

"मंग कधळ? मी गयावर इचारशी?"

"लोके काय म्हनतीन?"

"लोकेसले खाटवर पडानं नही शे."

एवढ्यात रुक्मिणीबाई बाहेर आली आणि दगूबाईला म्हणाली, जित्या माणसाच्या घरात असली बोलणी करायला लाज कशी वाटत नाही, ऊठ. दगूबाई उठली. घरात कुणी बसायचं यात बायकोचाच शब्द चालतो हे पितांबरला ठाऊक होतं. पण दगूबाई अंगण ओलांडत असताना तो मागून म्हणाला, "वहिनी, उद्या ये. अजून इचारानं ऱ्हायनं."

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही. वेचणी उरकून, ओटीत राहिलेला काडीकचरा झटकत यायची आणि बाहेरच्या पायरीवर बसायची, कारण आत बसायला तिला कुणी सांगत नव्हतं. पितांबर विचारायचा आणि ती सांगायची. कधी तिला माहीत नसे, तेव्हा ती तसं म्हणे. एकदा त्याने विचारलं, माणूस जाताना डोळे का उघडे राहतात? ती म्हणाली, कुणी मिटत नाही म्हणून. गावात लोक हसायला लागले होते. पितांबर आता मरणाचे पेच सोडून अंगणात मांडतो आहे, असं म्हणू लागले. हिंमतराव दोनदा येऊन रुक्मिणीबाईला रागावून गेला की त्या बाईला उंबऱ्याशी येऊ देऊ नका.

आठवड्याने रुक्मिणीबाई विहिरीवर दगूबाईच्या शेजारी येऊन उभी राहिली. हंडा भरला तरी जाईना. मग दोराकडेच बघत म्हणाली, "पाठले जखम पडी ऱ्हायनी त्यासनी. काय करू?"

दगूबाईने तिला विचारलं नाही की त्या दिवशी तू मला काय बोललीस. "एका कुशीवर दोन तासना वर निजू देवू नको," ती म्हणाली. "कापूस शे ना घरमा. सरकी काढीसन गादी कर, कंबरखाले गोल भोक ठेव. मी येस, दोन्ही करसूत."

त्या दुपारी दोघींनी ओसरीत बसून कापूस पिंजला. हातांनी सरकी काढता काढता रुक्मिणीबाई एकाएकी रडायला लागली. रडणं थांबल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, तो नवऱ्याला. जाताना जवळ कोण पाहिजे? पितांबर म्हणाला, तू, आणि गर्दी नको. ती म्हणाली, बरं. त्या दिवसापासून दगूबाई आत बसू लागली आणि तिला पाणी मिळू लागलं.

पौष लागला तसा घोट बंद झाला. बोळ्यातून दिलेल्या अफूने कळ आवरत होती, पण माणूस झपाट्याने खंगला. मनगटातली हाडं मोजता यावीत असं झालं. बोलणं एकेका शब्दावर आलं. तरी डोळे इकडून तिकडे फिरत. एकदा त्याने दगूबाईला खुणेने जवळ बोलावलं आणि आपल्या पायांकडे बोट केलं. तिने हात लावून पाहिला. पावलं गार होती.

"हाव," ती म्हणाली. "सुरू व्हयनं."

पितांबरने डोळे मिटले. चेहऱ्यावर भीती नव्हती असं नाही. पण तिचं सांगणं खरं निघालं याचं समाधानही होतं, आणि ते तिने ओळखलं.

दोन दिवसांनी सकाळीच श्वास थांबला. सुकलालच्या बायकोने किंकाळी फोडली आणि घटकाभरात ओसरी भरून गेली. हिंमतराव पुढे झाला. धोतराचा काचा मारून त्याने दोन भाऊबंदांना खुणेने खाटेच्या पायथ्याशी उभं केलं. श्वास परत आला, पुन्हा थांबला.

"जिभाऊ गया आते. घ्या खाले, काय दखतस?" तो थोरल्या भावाकडे बोट करून म्हणाला.

"थांबा," दगूबाई म्हणाली. तिने पितांबरच्या मुठीत बोट सरकवलं आणि कानाशी वाकून विचारलं, "भाऊ, लेवू का खाले?"

मूठ ढिलीच राहिली.

"तो काय सांगी?" हिंमतराव म्हणाला. "त्याले शुद्ध कोठे शे?"

ते खरं होतं. पितांबरने सगळं ठरवलं होतं, पण बेशुद्ध माणूस बोट कसं दाबणार याचा विचार त्याने केला नव्हता. नांगराचा एक पेच उरला होता तसंच हे. आता ठरवायचं दगूबाईलाच होतं. ती तळवे चाचपून गुडघ्यांपर्यंत गेली. गुडघे ऊन होते. नखांवर निळी झाक नव्हती. पण बारा वर्षांपूर्वीही तिने असंच चाचपलं होतं, आणि तेव्हाही तिची खात्री होती.

"नही," ती म्हणाली. "अजून नही."

"तू कोन सांगनारी?" हिंमतरावचा आवाज चढला. "मन्ही मायले तूच लिधं ना खाले? पाच दिन पडी ऱ्हायनी ती थंडीमा. नी आते आठे शहानपन?"

बायका पदर तोंडाला लावून दगूबाईकडे बघायला लागल्या. बारा वर्षं हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्या तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं.

"हाव," दगूबाई म्हणाली. "मी चुकनी. माले वाटनं गयी, नी मी सांगी दिधं. ती खाटकडे हात करे, ते मी रोज दखं. म्हनीसन आते सांगस, नही."

"नी खाटवरच मरना तं? घरले बट्टा लागी, तू भरी देशी का?"

"काका," सुकलाल म्हणाला. महिनाभर जो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा तो आता खाटेच्या आणि काकाच्या मधे आला. हिंमतरावपुढे तो आजवर कधी बोलला नव्हता. "बट्टा मन्हा घरले लागी. दगूमाय सांगी तधळच लेसूत."

हिंमतरावने धोतराचा काचा सोडला. तो बाहेर अंगणात जाऊन बसला आणि बाकीचे त्याच्यामागे गेले. अर्ध्या तासाने पितांबरचा श्वास नीट लागला. दुपारी त्याने डोळे उघडले आणि बोळ्यातलं पाणी चोखलं. गर्दी बघून त्याला काय झालं असावं हे कळलं. त्याची नजर जमिनीकडे गेली, मग आपण कशावर आहोत हे त्याने हाताने चाचपून पाहिलं. खाट होती.

तो अजून चार दिवस राहिला. पहिल्या दिवशी भाऊबंद येऊन बसले, दुसऱ्या दिवशी येऊन गेले, आणि तिसऱ्या दिवशी ज्याला त्याला आपलं रान दिसायला लागलं. कापूस झाडावर फुटून लोंबत होता. शेवटची वेचणी थांबवता येण्यासारखी नव्हती. चौथ्या दिवशी सुकलाल आणि त्याची बायकोही रानात गेली. घरात रुक्मिणीबाई आणि दगूबाई उरल्या.

दुपारी रुक्मिणीबाई बोळा भिजवत होती. पितांबरने डावा पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडला. मग हळूहळू उजवा ओढायला लागला.

"उठी ऱ्हायनात," रुक्मिणीबाई म्हणाली. तिला वाटलं त्याला भ्रम झाला, तो शेतात निघाला आहे. ती पाय वर उचलायला गेली.

दगूबाईने तिचा हात धरला. "भाऊ, खाले लेवू?"

पितांबर तिच्याकडे बघत होता. ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा शब्द आला. "हाव."

चार पुरुष लागतात हे दोघींना माहीत होतं, आणि हाकेच्या अंतरावर एकही नव्हता. रुक्मिणीबाईने खांद्यांखाली हात घातले, दगूबाईने गुडघ्यांखाली. उचलताना त्या दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या, इतकं ते वजन कमी होतं. घमेलंभर माती उचलायला याहून जास्त जोर लागतो. त्यांनी त्याला दाराशेजारी सारवलेल्या जमिनीवर ठेवलं. रुक्मिणीबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

त्याने तळहात जमिनीवर ठेवून इकडेतिकडे फिरवला. डोळे उघडे होते आणि कुठेतरी लक्ष देऊन बघत होते. घरघर झाली, ती फार वेळ नव्हती. रुक्मिणीबाई त्याच्या कानाशी बोलत राहिली, काय बोलत होती ते दगूबाईने ऐकलं नाही, मुद्दामच. मग श्वास थांबला. दोघींनी वाट पाहिली. तो परत आला नाही. रुक्मिणीबाईने त्याचे डोळे मिटले.

कुणीतरी जाऊन सांगितल्यावर सुकलाल धावत आला. कपड्यांना कापूस चिकटलेला होता. बाप खाली ठेवलेला पाहून तो दारातच थबकला, आणि त्याने जे विचारलं ते रडण्याच्याही आधी विचारलं.

"कोनी सांगं, घ्या म्हनीसन?"

"तुन्हा बापनी," रुक्मिणीबाई म्हणाली. "सोता पाय खाले टाका त्यासनी."

सुकलालने मग दगूबाईकडे बघितलं. तिने काही सांगायची गरज नव्हती. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिला रडू यायला लागलं होतं. इतक्या जणांच्या उशाला बसली, पण कुणासाठी ती अशी रडली नव्हती. आजवर ती नखं बघून, पाय चाचपून अंदाज करत आली, आणि प्रत्येक घरातून निघताना मनात एक शंका घेऊन निघाली, की आपण लवकर तर नाही ना सांगितलं? आज पहिल्यांदाच कुणीतरी तिला स्वतः सांगून गेलं होतं.